ब्राउझरचा हयातीचा दाखला

जून लागला की माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. नागपूरच्या नंदनवन भागात माझं झेरॉक्स, टायपिंग आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, अकरावीचा प्रवेश, सगळे एकदमच दारात. अशा गर्दीत मागच्या गल्लीतले गुरुजी येऊन उभे राहिले. निवृत्त होऊन जमाना झाला, पण आयुष्यभर मराठीचं व्याकरण शिकवलं, त्यामुळे आमच्या दुकानाच्या पाटीतली चूक अजून तेच काढतात.

"बेटा, माझ्या कॉम्प्युटरवर पेपरच उघडून नाही राहिला. ज्याच्याकडून घेतला तो म्हणते, जुना झाला, आता काहीच नाही चालत त्याच्यावर. नवीन पंचवीस हजारात देतो म्हणते."

"काही घेऊ नका गुरुजी. मी दुकान बंद करून येते."

मी काही इंजिनियर नाही. दहा वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात माझं मशीन बंद पडलं आणि दुरुस्तीवाला आठ दिवस आलाच नाही, तेव्हापासून पेचकस स्वतःच हातात घेतला. तेव्हा हे जे सांगते ते तीन-चार जुन्या मशिनींशी झोंबून शिकलेलं आहे.

आधी कोपऱ्यातली तारीख बघा

गुरुजींचं मशीन सुरू केलं. क्रोम उघडला तर लाल त्रिकोण आणि "तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही". पेपर तर सोडाच, गूगलसुद्धा उघडेना. माझं लक्ष खाली उजव्या कोपऱ्यात गेलं. तारीख होती १ जानेवारी २००९.

उन्हाळ्यात गुरुजी आणि काकू दोन महिने पुण्याला मुलाकडे होते. घराचं मेन स्विच बंद. मदरबोर्डवर नाण्यासारखा एक सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. वीज नसताना घड्याळ तोच चालू ठेवतो. तो संपला की मशीन आपल्या जन्माच्या काळात परत जातं. आता प्रत्येक वेबसाइटच्या प्रमाणपत्रावर "अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत" असं लिहिलेलं असतं. २००९ मध्ये बसलेल्या मशीनला आजची सगळी प्रमाणपत्रं अजून सुरूच न झालेली वाटतात, म्हणून ते कुणालाच आत घेत नाही.

सेल चौकातल्या घड्याळवाल्याकडे तीस रुपयांत मिळाला. मशीनची पिन काढायची, बाजूचं झाकण उघडायचं, सेलची छोटी क्लिप नखाने दाबायची, जुना सेल उडी मारून वर येतो. नवीन बसवताना अक्षरं असलेली बाजू वर. मग तारीख, वेळ आणि टाइम झोन नीट लावा. ब्राउझर शोधत बसण्याआधी हे एवढं करा, कारण माझ्याकडे "ब्राउझर खराब झाला" म्हणून येणाऱ्यांपैकी कितीतरी जण एवढ्यावरच घरी जातात.

गुरुजींचं मात्र निम्मंच काम झालं. गूगल उघडलं, पण पेपरचं पान नुसतं पांढरं.

मापं घ्या

माझी आई ब्लाउज शिवायची. माप घेतल्याशिवाय ती कात्रीला हात लावत नसे. इथे मापं चार: विंडोज कोणतं, ३२ बिट की ६४, रॅम किती, प्रोसेसर कोणता.

विंडोजची खूण असलेली कळ आणि आर एकत्र दाबा. येणाऱ्या चौकोनात डब्ल्यू-आय-एन-व्ही-ई-आर ही सहा इंग्रजी अक्षरं टाका आणि एंटर करा. विंडोजचं नाव समोर येतं. विंडोज ७ असेल तर तिथे सर्व्हिस पॅक १ लिहिलंय का तेही बघा. नसेल तर आधी ते टाकायचं. बाकीची तीन मापं "माय कॉम्प्युटर"वर उजवं क्लिक करून "प्रॉपर्टीज"मध्ये एकाच पानावर मिळतात. कागदावर लिहून घ्या. मी तर मशीनच्या पेटीवर स्टिकर लावून त्यावरच लिहिते.

एक गंमत सांगते. गुरुजींच्या मशीनवर ३२ बिट विंडोज ७ होतं, पण आतला प्रोसेसर पेंटियम ड्युअल कोर ई५४००, म्हणजे ६४ बिट चालवू शकणारा. त्या काळात बसवणाऱ्याच्या खिशात जी सीडी असे तीच सगळ्यांच्या मशीनमध्ये जाई. तुमच्याकडेही तसंच असेल तर पुढे लिनक्सकडे, म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणाऱ्या मोफत प्रणालीकडे, जाताना उपयोगी पडतं, म्हणून प्रोसेसरचं नाव पूर्ण लिहा, नुसतं "पेंटियम" नको. रॅम फक्त २ जीबी असल्यामुळे विंडोज मात्र मी ३२ बिटच राहू दिलं.

कोणत्या विंडोजला काय बसतं

विंडोज १० असेल तर फार डोकं लावू नका. मायक्रोसॉफ्टने त्याला नेहमीचे अपडेट देणं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवलं, पण ब्राउझरवाल्यांनी त्याला अजून सोडलेलं नाही. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरला तर तिथे निदान ऑक्टोबर २०२८ पर्यंत अपडेट देणार असं त्यांनी सांगितलंय.

खरी गोची विंडोज ७, ८ आणि ८.१ ची. क्रोमची तिथे चालणारी शेवटची आवृत्ती १०९, जानेवारी २०२३ ची. एजचंही १०९ वरच थांबलं. क्रोम १०९ उघडतो, चालतो, पण त्यानंतर सापडलेलं एकही भोक त्यात बुजवलेलं नाही. गुरुजींच्या मशीनवर तर त्याहून जुना, ७८ वा क्रोम होता, कारण बसवणाऱ्याने "अपडेट आलं की मशीन स्लो होते" म्हणून सगळे अपडेट बंद करून ठेवले होते.

पांढऱ्या पानाचं कारण गुरुजींना त्यांच्या भाषेत सांगितलं. वेबसाइटच्या पानाचं बरंचसं काम जावास्क्रिप्ट नावाच्या भाषेत लिहिलेलं असतं. त्या भाषेत दरवर्षी नवे प्रयोग येतात. जुन्या ब्राउझरला ते व्याकरण शिकवलेलंच नसतं, पहिल्याच अनोळखी चिन्हापाशी तो थांबतो आणि पुढचं काही वाचत नाही.

"म्हणजे आमच्या वर्गातल्या मागच्या बाकावरच्या पोरासारखा," गुरुजी म्हणाले. "एक शब्द अडला की वही बंद."

अशा मशीनवर मी फायरफॉक्स ११५ ईएसआर टाकते. ईएसआर म्हणजे जास्त काळ सांभाळली जाणारी आवृत्ती. ही जुलै २०२३ मध्ये आली आणि विंडोज ७, ८, ८.१ साठी शेवटची आहे. पण फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने तिला वाऱ्यावर सोडलं नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्यांची मुदत त्यांनी एकदा नाही, पुन्हा पुन्हा वाढवली. त्यामुळे मी सांगते म्हणून विश्वास ठेवू नका, स्वतः तपासा. उजव्या कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघा, त्यात "हेल्प", त्यात "अबाउट फायरफॉक्स". ११५ च्या पुढे ठिपका देऊन एक आकडा असतो. दोन-तीन महिन्यांनी तो वाढलेला दिसला तर ब्राउझरकडे अजून कुणीतरी बघतंय. तिथेच खिळलेला दिसला तर समजा, संपलं.

गुरुजी खुर्चीत सरळ झाले. "म्हणजे हयातीचा दाखलाच की! आम्ही दर नोव्हेंबरात बँकेत नाही का देत, तसा याचाही पाहत राहायचा."

तेव्हापासून मी गिऱ्हाइकांना हाच शब्द सांगते, झटकन समजतो.

एक खरं सांगून ठेवते. ११५ ला दुरुस्त्या मिळतात, नवं व्याकरण मिळत नाही. आज पेपर उघडतो, उद्या एखादी साइट अडेल. कधी कधी साइट उगाचच "तुमचा ब्राउझर चालत नाही" म्हणते. तिथे यूजर-एजंट, म्हणजे ब्राउझर साइटला आपली ओळख सांगतो ती ओळ, बदलणारं अ‍ॅड-ऑन टाकून ब्राउझरचं नाव नवीन सांगितलं की मुकाट्याने उघडते. ही युक्ती बातम्या आणि रेसिपीपुरतीच वापरा.

फायरफॉक्स मोझिलाच्याच साइटवरून घ्या. तिथे सगळ्या भाषांच्या यादीत मराठीसुद्धा आहे, काकूंसाठी मी तोच टाकला. शोधात वर येणाऱ्या "फ्री डाउनलोड" वाल्या कुठल्याही साइटला हात लावू नका. एका गिऱ्हाइकाने तिथून क्रोम घेतला तर त्यासोबत तीन टूलबार, एक खोटा अँटिव्हायरस आणि रम्मीच्या जाहिराती घरात आल्या. जुन्या ब्राउझरवर तर मोझिलाची साइट उघडतच नसेल. मग दुसऱ्या मशीनवर उतरवून पेन ड्राइव्हवर आणा.

प्रोसेसर कुठे नडतो

बहुतेकांना हे माप लागतच नाही, पण ज्याला लागतं त्याचा अख्खा दिवस जातो. माझ्या उमरेडच्या नणंदेकडे एक जुना पेंटियम ४ होता. विंडोज ७ व्यवस्थित चाले, क्रोम १०९ काही केल्या उघडेना. ना चूक दाखवी, ना खिडकी. मी तीनदा काढून तीनदा टाकला. शेवटी सीपीयू-झेड नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर चालवलं. त्यात "इन्स्ट्रक्शन्स" अशी एक ओळ असते. तिथे एसएसई२ होतं, एसएसई३ नव्हतं. हे प्रोसेसरला समजणाऱ्या आदेशांचे संच. क्रोमला ८९ व्या आवृत्तीपासून एसएसई३ लागतं, फायरफॉक्स एसएसई२ वर भागवतो. पेंटियम ४ मध्ये एसएसई३ आलं ते २००४ च्या प्रेस्कॉटपासून, त्याआधीच्यांत नाही. फायरफॉक्स टाकला, पहिल्या फटक्यात उघडला. पेंटियम ३ किंवा अ‍ॅथलॉन एक्सपी असेल तर त्यात एसएसई२ सुद्धा नसतं, त्याचा नाद सोडा.

एक्सपी

माझ्या दुकानात एक एक्सपी अजून आहे. मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर त्यावरच चालतं आणि त्याचा डोंगल मागच्या पॅरलल पोर्टात खुपसावा लागतो. वकिलांचे जुने मसुदे सगळे त्या फॉन्टमध्ये. एक्सपीसाठी क्रोम ४९ वर थांबला, २०१६ मध्ये. फायरफॉक्सची ५२ ईएसआर २०१८ पर्यंत सांभाळली गेली. आज दोन्हींवर निम्मं जग पांढरं दिसतं. हौशी लोकांनी एक्सपीसाठी ब्राउझर जिवंत ठेवलेत: क्रोमचा पाया असलेल्या क्रोमियमवरून केलेला सुपरमियम आणि फायरफॉक्सवरून केलेला मायपाल. दोन्ही मी टाकून बघितले, पानं उघडतात. त्या माणसांचं कौतुकच आहे. तरी खाली विंडोजच २०१४ पासून बेवारस आहे. दाराला नवं कुलूप लावून काय उपयोग, भिंतच पडलेली असेल तर? माझ्या एक्सपीची इंटरनेटची वायर मी काढून ठेवली आहे. फाइल पेन ड्राइव्हने जाते-येते.

तुम्हाला उघडायचंच असेल आणि मराठी पानावर वेलांट्या अक्षराच्या भलत्याच बाजूला दिसत असतील, तर तो ब्राउझरचा दोष नाही. कंट्रोल पॅनलमध्ये "रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स", त्यात "लँग्वेजेस", तिथे कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या फाइली टाकायची खूण करा. तो एक्सपीची सीडी मागतो. ती अर्थातच सापडत नाही. माळ्यावरच्या लग्नाच्या अल्बमच्या पेटीत बघा, माझी तिथे होती.

जिथे विंडोजच सोडावं लागतं

भाचीकडे दहा इंची नेटबुक होतं. अ‍ॅटम एन२७०, १ जीबी रॅम. हा प्रोसेसर ३२ बिटच. विंडोजवर त्याचं एक पान उघडेपर्यंत माझ्या तर्री पोह्यांची प्लेट संपायची. अशाला लिनक्स.

पण इथेही दारं बंद होत चालली आहेत. क्रोमने ३२ बिट लिनक्सला २०१६ मध्येच सोडलं. डेबियन हा लिनक्सचा एक प्रकार, तो १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिट पीसीवर नव्याने टाकता येत नाही. फायरफॉक्सने १४५ व्या आवृत्तीपासून ३२ बिट लिनक्स बंद केलं. तिथे उरली १४० ईएसआर, आणि तिची मुदत मोझिलाने निदान सप्टेंबर २०२६ पर्यंत सांगितली होती. मी भाचीला अँटीएक्स २३ नावाचं लिनक्स दिलं, ते डेबियन १२ वर उभं आहे आणि ३२ बिटमध्ये मिळतं. रुफस नावाच्या सॉफ्टवेअरने ते पेन ड्राइव्हवर चढवायचं. रुफसचीही तीच कथा: विंडोज ७ वर ३.२२ ही शेवटची, एक्सपीवर २.१८. मशीन पेन ड्राइव्हवरून सुरू करून आधी न टाकताच चालवून बघा. आवाज येतो का, वायफाय पकडतं का, मराठी दिसतं का. अक्षरांच्या जागी चौकोन आले तर "फॉन्ट्स-देवा" नावाचं पॅकेज टाका. इनस्क्रिप्ट कळफलक आतच असतो, फक्त सेटिंगमधून निवडायचा.

१ जीबीत एका वेळी दोन टॅब, तिसरा नाही. भाची म्हणाली, "मावशी, एवढ्यानं काय होणार?" तिचे निबंध झाले.

प्रोसेसर ६४ बिटचा आणि रॅम ४ जीबी असेल तर एवढं रडगाणं नाही. लिनक्स मिंट किंवा गूगलचं मोफत क्रोमओएस फ्लेक्स टाका, आजचा ताजा ब्राउझर मिळतो. दुकानात एचपीचा लेझरजेट १०२० प्रिंटर असेल, आणि आमच्या धंद्यात तो नसतो कुणाकडे, तर लिनक्सवर त्याला एचप्लिप हे एचपीचे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर आणि त्याचं वेगळं प्लगइन लागतं. तेवढं आधी जमवा, मगच विंडोज पुसा.

ब्राउझर मिळाला, आता त्याला श्वास घेऊ द्या

गुरुजींच्या मशीनच्या बोर्डवर डीडीआर२ चे दोन खाचे, एक रिकामा. सीताबर्डीत जुन्या मालाच्या दुकानातून २ जीबीची स्टिक साडेतीनशेला घासाघीस करून आणली. ३२ बिट विंडोजला त्यातली सगळी दिसत नाही, पण तीनच्या आसपास दिसते आणि फरक लगेच कळतो. स्टिक काढली की तिची सोनेरी धार खोडरबराने पुसा. आमच्याकडे कूलरच्या ओल्या हवेत महिनोन्‌महिने मशीन बसतं, त्या धारेवर थर चढतो.

कूलरवरून आठवलं. नागपुरात मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो. प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो आणि माणूस म्हणतो ब्राउझर स्लो झाला. पंख्यातली धूळ रंगाच्या ब्रशने काढा, पेटी भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. गुरुजींच्या पंख्यात मला कूलरच्या वाळ्याच्या काड्या सापडल्या.

फायरफॉक्समध्ये युब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं अ‍ॅड-ऑन टाका. पेपरवाल्यांचं पोट जाहिरातींवर चालतं हे मला कळतं, पण २ जीबीच्या मशीनवर बातमी एक आणि हलणारी चित्रं बारा हे नाही जमत. पान चिरफळ्या पडल्यासारखं दिसत असेल तर सेटिंगच्या "परफॉर्मन्स"मध्ये शिफारस केलेली खूण काढा आणि हार्डवेअर अ‍ॅक्सेलरेशन बंद करा. जुन्या ग्राफिक्सवर हे बरेचदा लागू पडतं. कोणता टॅब मशीन खाऊन राहिला ते बघायला पत्त्याच्या जागी इंग्रजीत अबाउट, मग कोलन, मग प्रोसेसेस असं सलग लिहा. काकू यूट्यूबवर कीर्तनं ऐकतात, ती अडखळत होती. एच२६४इफाय नावाचं अ‍ॅड-ऑन यूट्यूबला जुन्या पद्धतीचा व्हिडिओ द्यायला लावतं. जुन्या ग्राफिक्सला तो जमतो. ते टाकलं, चित्र ४८० वर ठेवलं, कीर्तन सुरळीत.

बँक, इन्कम टॅक्स, आधार या मशीनवर नाही. हे मी गुरुजींकडून वदवून घेतलं. फायरफॉक्स कितीही सांभाळलेला असला तरी खालचं विंडोज ७ जानेवारी २०२० पासून घरगुती मशीनसाठी उघडं आहे. पैशाचं काम अपडेट येत असलेल्या फोनवर करा, नाहीतर बँकेत जा.

हयातीच्या दाखल्यासाठी गुरुजी नोव्हेंबरात माझ्याच दुकानात येतात. बोटाचा ठसा दोनदा उमटत नाही, तिसऱ्यांदा उमटतो. पावती घडी करून खिशात ठेवतात आणि मला विचारतात, "त्याचा ठिपक्याच्या पुढचा आकडा माझ्याकडे वाढला. तू पाहिला का तुझ्याकडे?"